सासूबाई म्हणतात "तूच चोरलीस"... खरं-खोटं करत बसू नका, आधी डॉक्टर गाठा

पत्र (थोडक्यात): सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. आयुष्यभर हिशेबाची नोकरी केली, घरातलं प्रत्येक बिल त्याच भरायच्या. दोनेक वर्षांपासून तोच प्रश्न परत परत विचारतात, बिल हातात घेऊन नुसत्या बसून राहतात. मागच्या महिन्यात रोजच्या फिरायच्या रस्त्यावरून त्यांना घरी येता येईना. आता अंगठी दिसली नाही की मी चोरली म्हणतात, शेजाऱ्यांना पण सांगून आल्या. अंगठी शेवटी त्यांच्याच मोज्यात सापडली. मिस्टर म्हणतात, वय झालंय तिचं, एवढं काय. नणंद फोनवर बोलते आणि म्हणते आई तर ठणठणीत आहे, तूच वाढवून सांगतेस. हा अल्झायमर आहे का? डॉक्टरकडे न्यायचं कसं? आरोपांचं काय करू? आणि हे पुढे मिस्टरांना, मुलांना होणार का? – एक सून

ताई, आधी ते चोरीचंच बोलूया. बाकी सगळं तुम्ही शांतपणे लिहिलंय पण तिथे मात्र शब्दाशब्दात दुखावलेपण दिसतंय, आणि दुखणारच, सकाळपासून रात्रीपर्यंत ज्यांचं सगळं करायचं त्यांनीच शेजाऱ्यांसमोर चोर म्हणायचं हे कुणालाही लागेल. पण एक सांगते, असा आरोप करणाऱ्या तुमच्या सासूबाई पहिल्या नाहीत. ज्या बाईंमुळे हा आजार जगाला कळला त्यांचीही सुरुवात संशयानेच झाली होती. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात ५१ वर्षांच्या ऑगस्ट डेटर नावाच्या बाई दाखल झाल्या, त्यांना तपासणारे डॉक्टर अलॉइस अल्झायमर. त्यांनी लिहून ठेवलंय की पहिलं लक्षात आलेलं लक्षण म्हणजे नवऱ्यावर संशय, मग विसरणं वाढलं, मग त्या घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवायला लागल्या. १९०६ मध्ये बाई गेल्या, त्यांच्या मेंदूत डॉक्टरांना चिकट साठे आणि गुंतलेले धागे दिसले आणि १९१० मध्ये आजाराला या डॉक्टरांचं नाव मिळालं. म्हणजे मोज्यातली अंगठी आणि "तूच घेतलीस" हे सव्वाशे वर्षांपूर्वीही असंच होतं, त्यात तुमचं वागणं, तुमचं घरातलं स्थान, सासू-सुनेचं जुनं काही याचा संबंध असेलच असं नाही.

हे होतं कसं ते बघा. नवीन आठवण साठवायचं काम मेंदूच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो आणि अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा पहिला घाव तिथेच बसतो. जुनी वही शाबूत आहे, पानं वाचता येतायत, पण आता लिहायला घेतलं तर पेन उमटतच नाही, असं काहीसं. म्हणून ४० वर्षांपूर्वीच्या ऑफिसातल्या साहेबांचं नाव घडाघड सांगतात आणि दहा मिनिटांपूर्वी आपणच अंगठी "नीट जपून" ठेवली हे मात्र कुठेच नोंदलं गेलेलं नसतं. त्यांच्या दृष्टीने त्यांनी अंगठीला हातच लावलेला नाही. मग अंगठी गेली कुठे? घरात दुसरं कोण आहे? तुम्ही. मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही, तो जवळचं उत्तर उचलतो, आणि जवळ कायम तुम्हीच असता. जो माणूस सगळ्यात जास्त करतो त्याच्यावरच आळ येतो तो यामुळे. नणंदबाई तिथे राहत असत्या तर त्यांच्यावर आला असता.

त्यामुळे खरं-खोटं सिद्ध करायचा नाद आजपासून सोडून द्या. मोजा पुढे करून "बघा, तुम्हीच ठेवली होती" म्हटलं तर काय होतं हे तुम्ही अनुभवलंच असेल, त्या मान्य करत नाहीत, उलट भडकतात, कारण जे घडल्याचं त्यांना आठवतच नाही ते कबूल करायला आपण सांगतोय. आणि यात अजून एक गोष्ट आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या पेशंटना आधी दुःखी आणि मग आनंदी सिनेमांचे तुकडे दाखवले, थोड्या वेळाने त्यांना काय पाहिलं ते जवळपास आठवत नव्हतं, तरी ते दुःख, तो आनंद मात्र टिकून होता. भांडण विसरून जातात पण भांडणाने आलेली भीती, अपमान आत राहतो, आणि मग दुपारभर त्या तुमच्याकडे रागाने का बघतायत हे ना त्यांना सांगता येतं ना तुम्हाला कळतं.

मग बोलायचं काय? "माझी अंगठी तूच घेतलीस" म्हणाल्या की "अगंबाई, अंगठी दिसत नाहीये का? मग तर टेन्शन येणारच. चला आई, दोघी मिळून शोधू." एवढंच. घेतली पण म्हणायचं नाही आणि नाही घेतली पण म्हणायचं नाही, ती अंगठी हरवल्याची जी धास्ती आहे तिलाच फक्त उत्तर द्यायचं. शोधताना त्यांच्या हाताला लागू दे, तुम्हाला आधी दिसली तरी उचलू नका, "आई, त्या बाजूला बघता का जरा" म्हणा. सापडली की "बरं झालं बाई" आणि विषय बदला, अंगठी कुणी दिली होती, कधीची आहे, तो विषय काढा, त्या खुलून बोलतील. त्यांच्या लपवायच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात, मोजे, उशीचा अभ्रा, पर्सचा आतला कप्पा, त्या पाठ करून ठेवा, आणि घरातला कचरा बाहेर टाकायच्या आधी एकदा बघत जा. खरे दागिने आणि कागदपत्रं मात्र मिस्टरांनी आताच सुरक्षित हलवावीत, आणि हे त्यांनीच करायचं, तुम्ही हात लावायचा नाही. शेजाऱ्यांना पण मिस्टरांनीच जाऊन दोन वाक्यांत सांगावं की आईच्या स्मरणशक्तीची तपासणी चालू आहे, ती असं बोलली तर मनावर घेऊ नका. तुम्ही सांगितलं तर ती सफाई वाटते, मुलाने सांगितलं तर माहिती वाटते. दुर्दैवाने असंच आहे.

आता, हा अल्झायमर आहे का. पत्रावरून कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. पण "वय झालंय" या उत्तरावर थांबण्यासारखंही हे नाही. वयाने नाव पटकन आठवत नाही, चष्मा सापडत नाही, खोलीत आल्यावर कशाला आलो ते विसरतं, पण कुणी सूचक काही बोललं की "हां हां, बरोबर" होतं. इथे तसं होत नाहीये, आठवण करून दिली तरी ती गोष्ट घडलीच नव्हती असं वाटतंय. आणि मला पत्रात सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं ते प्रश्न परत परत विचारणं नाही, ते बिल! आयुष्यभर हिशेब केलेली बाई बिल हातात घेऊन बसून राहते, म्हणजे जे काम झोपेतही जमलं असतं तेच जमेनासं झालंय. त्यात ओळखीचा रस्ता चुकला. रोजच्या जगण्यात अडायला लागलं की ते नुसतं म्हातारपण नसतं.

पण लगेच अल्झायमरच धरून चालू नका. स्मरणशक्ती, विचारशक्ती ढासळत जाऊन रोजचं जगणं अडायला लागतं त्या सगळ्या आजारांना मिळून डिमेन्शिया म्हणतात, आणि त्याच्या पेशंटपैकी साधारण ६० ते ७० टक्क्यांना अल्झायमर असतो, बाकीच्यांना दुसरे प्रकार, आणि काही जणांना तर डिमेन्शिया नसतोच, तसं दिसतं फक्त. बी-१२ कमी झालेलं असतं, थायरॉइड बिघडलेला असतो, डिप्रेशन असतं (म्हाताऱ्या माणसांत ते रडण्यापेक्षा गप्प होण्यात आणि विसरण्यातच जास्त दिसतं), झोपेच्या, ॲलर्जीच्या किंवा वारंवार लघवीच्या काही गोळ्या डोकं धूसर करतात, कधी पडल्यानंतर डोक्यात हळूहळू रक्त साठलेलं असतं, कधी चक्क ऐकूच येत नसतं आणि आपण म्हणतो लक्षात राहत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे, म्हणूनच थांबायचं नाही. न्यूरोलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धांचे आजार बघणारे डॉक्टर, यातले जे मिळतील ते गाठा. ते घरच्यांशी बोलतील, स्मरणशक्तीची छोटी परीक्षा घेतील, घड्याळ काढून त्यात सांगितलेली वेळ दाखवायला लावतील (दिसतं पोरखेळ पण त्यातून खूप कळतं), रक्त तपासतील, मेंदूचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन सांगतील. स्कॅन बघून "हा अल्झायमरच" असा शिक्का बसत नाही हे पण माहीत असू द्या, बाकी कारणं वगळायलाही तो लागतो.

न्यायचं कसं हा खरा अवघड प्रश्न. "तुम्हाला विसरायला होतंय म्हणून" असं तोंडावर म्हणू नका, त्या येणार नाहीत, आणि त्यात नुसता हट्ट नसतो, आपल्याला काही झालंय हे मेंदूला कळतच नाही असंही या आजारात होतं. त्यापेक्षा बीपी, शुगर, डोळे, कान, सगळं एकदा तपासून घेऊ असं सांगा, आणि ते खोटंही नाही, कारण ते सगळं तपासायचंच आहे. मुलगा सोबत हवाच. आणि जायच्या दोन-तीन दिवस आधी एका कागदावर लिहून काढा, काय काय घडलं, साधारण केव्हापासून, आधी कशा होत्या आता कशा आहेत, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि तो कागद डॉक्टरांकडे आधीच पोचवा. सासूबाईंसमोर "परवा अशा वागल्या, तेरवा तशा वागल्या" असा पाढा वाचला जाऊ नये, कुठल्याही माणसाला ते अपमानाचंच वाटेल. त्यांचा गोंधळलेला, रडवेला व्हिडिओ काढून नणंदेला पाठवायचा मोह होत असेल तर तेही टाळा प्लीज, कागद पुरतो.

नणंदेबद्दल. ती खोटं बोलत नाहीये आणि तुम्हीही नाही. सुरुवातीच्या काळात माणसं बाहेरच्यांसमोर, फोनवर, अगदी डॉक्टरसमोर सुद्धा अर्धा तास सगळी शक्ती गोळा करून व्यवस्थित बोलतात, "मी मजेत, तू कशी आहेस, मुलं काय म्हणतात" ही वाक्यं इतकी मुरलेली असतात की त्यांना ताजी आठवण लागतच नाही. मग फोन ठेवला की थकतात, चिडतात आणि ते तुमच्या वाट्याला येतं. तिला सांगा, फोनवर "कशी आहेस" विचारू नको, "काल घरी कोण आलं होतं, सध्या कुठली सिरीयल बघतेस, काय चाललंय त्यात" असं विचार. तिचं तिलाच कळेल.

समजा निदान अल्झायमरचंच आलं. आधी औषधांचं, कारण आशाही तिथेच लागते आणि फसवणूकही तिथेच होते. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, गॅलंटामिन, आणि पुढच्या टप्प्यात मेमँटिन, ही औषधं आजार थांबवत नाहीत, काही जणांना काही काळ थोडं बरं ठेवतात. मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडी मंदावू शकते, त्यामुळे हृदयाचं काही असेल तर आधी सांगा. लेकॅनेमॅब (अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी) आणि डोनानेमॅब (२०२४) ही नवीन औषधं मेंदूतला तो साठा काढतात, पण ती फक्त अगदी सुरुवातीच्या पेशंटसाठी, साठा असल्याची खात्री टेस्टने करून मगच, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होतोय का हे बघायला परत परत एमआरआय करत द्यावी लागतात, आणि त्यानेही घसरण मंदावते फक्त, गेलेलं परत येत नाही. मेंदू तल्लख करतो, स्मरणशक्ती परत आणतो म्हणून कुणी काही विकायला आलं तर त्यात पैसे घालू नका. आणि चिडचिड, संशय वाढला म्हणून कुणाच्या सांगण्यावरून झोपेची किंवा शांत करायची गोळी सुरू करू नका, डिमेन्शियात शांत करायच्या काही गोळ्यांनी स्ट्रोकचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, त्या अगदीच इलाज नसेल तेव्हा, डॉक्टरांच्या नजरेखाली, कमी डोसमध्ये आणि थोडे दिवस.

औषधापेक्षा जास्त फरक दिवस कसा जातो याने पडतो, हे मी अगदी मनापासून सांगते. रोज त्याच वेळेला तेच, उठणं, अंघोळ, जेवण, फिरणं. बोलताना समोर येऊन, एका वेळी एकच गोष्ट, आणि मग थांबा, उत्तर यायला वेळ लागतो, आपण तेवढ्यात प्रश्न बदलून दुसऱ्यांदा विचारतो आणि त्यांचा सगळा गोंधळ होतो. "काय घालणार?" असं विचारण्यापेक्षा दोन कपडे समोर धरा. काम काढून घेऊ नका, टॉवेलच्या घड्या, जुन्या पावत्या तारखेप्रमाणे लावणं, हिशेब करणाऱ्या बाईंना ते आवडेल, चुकलं तर चुकू दे. संध्याकाळी अंधारून आलं की बऱ्याच जणांची बेचैनी वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं, तेव्हा अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, टीव्हीचा आवाज कमी करा, आणि "हेच तर तुमचं घर" असं समजावण्यापेक्षा "जाऊया हं, घरी कोण कोण असतं?" असं विचारून बोलतं करा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हा आजार महिन्या-महिन्यांनी, वर्षा-वर्षांनी उतरतो. एका-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं व्हायला लागलं, भास व्हायला लागले, गुंगीत राहायला लागल्या तर "आजार वाढला" म्हणून बसून राहू नका, लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, काहीतरी वेगळं कारण असतं. त्याच दिवशी डॉक्टर.

रस्ता एकदा चुकलाय म्हणजे परत चुकणार. खिशात, पर्समध्ये नाव आणि घरच्यांचे दोन फोन नंबर असलेलं कार्ड, मोबाइलमध्ये त्यांचा ताजा फोटो, दाराला पटकन लक्षात येणार नाही अशी वर कडी, पण त्यांना एकटीला आत कोंडून कधीच बाहेर जायचं नाही. गोळ्या कुलपात. बँकेचं विशेष बघा, फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यांना अशीच माणसं हवी असतात. मृत्युपत्र, बँकेचे अधिकार वगैरे काही करायचं असेल तर आता करा, त्यांना समजतंय, स्वतःचं मत सांगता येतंय तोवर, त्यांना विचारून. पुढे कशा प्रकारे सांभाळलेलं आवडेल हेही आत्ताच विचारून ठेवा, नंतर सगळे अंदाज बांधत बसतात आणि भावंडांत भांडणं होतात.

मिस्टरांना, मुलांना होणार का? म्हातारपणी होणारा अल्झायमर आईला झाला म्हणून मुलाला होणारच असं नसतं, शक्यता थोडी वाढते एवढंच. थेट वारशाने येणारा प्रकार फार दुर्मिळ आहे, एक टक्क्याहून कमी, आणि तो सहसा ६५ च्या आधीच दिसतो. उलट २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने असे १४ धोके मांडले ज्यांवर काम केलं तर जगभरातल्या डिमेन्शियाच्या जवळजवळ ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील, त्यात बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगरेट, व्यायाम नसणं, कमी ऐकू येणं, एकटेपणा हे सगळं आहे. म्हणजे मिस्टरांनी आईला घेऊन जाल तेव्हा स्वतःचंही बीपी तपासून घ्यावं.

आणि आता तुम्ही. पूर्ण पत्रात तुमच्या झोपेबद्दल, तब्येतीबद्दल एक ओळ नाही. हा आजार वर्षानुवर्षं चालतो, निदानानंतर साधारण ४ ते ८ वर्षं, काही जणांत २० पर्यंत, आणि एकट्या माणसाने तो ओढायचा ठरवला तर आधी तो माणूस आडवा होतो. सांभाळणाऱ्यांमध्ये डिप्रेशन फार आढळतं आणि राग आला, कंटाळा आला, कधी "हे संपू दे" असं मनात आलं तर त्यात तुम्ही वाईट ठरत नाही. कामं वाटून घ्या, विनंती म्हणून नाही, वाटणी म्हणून. बँक, कागदपत्रं, डॉक्टरच्या फेऱ्या मिस्टरांकडे. आठवड्यातून एक पूर्ण अर्धा दिवस तुम्ही घराबाहेर, आणि त्या वेळात फोन मिस्टरांनाच लावायचा, तुम्हाला नाही. नणंदेला सांगा की भेटायला नको येऊस, राहायला ये, आठवडाभर, आणि त्या आठवड्यात आईचं सगळं तू बघायचंस, रात्रीचं सुद्धा, मी माझ्या माहेरी जातेय. ती "बघते, सांगते" म्हणेल, तेव्हा कॅलेंडर समोर घ्या आणि तारीख ठरवूनच फोन ठेवा.